मायचा हूं

गावच्या फाट्यावर कारंज्याची एसटी आली तेव्हा बा पिशव्या चढवत होता आणि माय माझ्या ओढणीचं टोक नीट करत होती. पुण्याला कॉलेजसाठी चालले होते. मला वाटलं, जेवणाचं, पाण्याचं काही सांगेल. खिडकीखाली येऊन ती एवढंच म्हणाली, "वाचत राहजो बाई. अन् मोठ्यानं वाचजो, तिथल्या लोकायले बी ऐकू येईन." गाडी हलली. दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार होतं.

इंझोरीत आमच्या घरी वाचणं म्हणजे मोठ्याने वाचणं. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, बौद्ध विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जाई, एक जण वाचणार आणि बाकीचे ऐकणार. तीच रीत घरात आली होती. मायबापांना अक्षरओळख नव्हती. मी वाचायला लागल्यापासून पाठ्यपुस्तक असो की सामान बांधून आलेला पेपरचा तुकडा, ते सगळ्यांचं असे. माय तूर निवडता निवडता प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणे. तिचा हूं आला की पुढचं वाक्य. कधी मी पुस्तक घेऊन गुपचूप बसले, तर बा म्हणे, "एकटीच कायले खातं वं? आमाले बी दे." माझ्यासोबत त्या दोघांचीही आठवी झाली, नववी झाली. झाडाचं पान आपलं अन्न स्वतःच तयार करतं, हे बा वावरात सोबतच्या माणसांना असं सांगे, जणू ते त्यानेच शोधून काढलं होतं.

म्हणून पुण्याच्या अभ्यासिकेत पहिल्याच दिवशी मी पुस्तक उघडलं आणि घरच्यासारखी वाचायला लागले. सगळ्या माना वर झाल्या. दाराशी टेबल घेऊन बसणारे काका हळूच येऊन म्हणाले, "ताई, मनात वाचा." शेजारच्या मुलीने हसून विचारलं, कोणाला ऐकवतेस गं? शाळेत परीक्षेतसुद्धा मी ओठांत पुटपुटत असे.

मनात वाचणं मी ओठांवर बोट ठेवून शिकले. आधी गुदमरल्यासारखं व्हायचं. मग हळूहळू एक वेगळंच जग उघडलं. विहिरीत खोल उतरावं, वरचे आवाज विरत जावेत आणि खालच्या गार पाण्यात आपलाच चेहरा दिसावा, तसं. मायसमोर मोठ्याने वाचता आली नसती अशीही पानं असतात, हे मला तिथे कळलं. मी मोठी झाले ती त्या पानांत. गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक असेल. नवं काहीतरी इतकं आवडतं, की आपण काय मागे ठेवून आलो ते आठवतच नाही.

एरवी सणाला दोन दिवस घरी येई, तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसे. पदवीची परीक्षा झाली आणि मी सवडीने घरी आले. दुपारी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले. तास गेला असेल. आतून माय दोनदा येऊन बघून गेली. मग तिने माझ्या कपाळाला हात लावला. "आवाज बसला काय वं तुहा?" आणि माझं ऐकायच्या आत हळद घातलेलं कढत दूध पुढे केलं. शेजारची कमलमावशी भिंतीपलीकडून म्हणाली, "आवाजाले काय धाड भरली तिच्या? पुण्याची हवा लागली. आता पोटातल्या पोटात वाचते ते."

मी हसले. माय हसली नाही. रिकामा पेला हातात धरून ती म्हणाली, "मले वाटलं, आता आमाले समजत नाई म्हणून मोठ्यानं वाचत नाई."

मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आणलं. ते इंग्रजी होतं, मातीविषयीचं. मग पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं. आवाज माझा मलाच परका वाटला, दोनदा अडखळलाही. बोटभर जाडीची माती तयार व्हायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात, असं होतं त्यात. उन्हात ओटा तापला होता, लिंबाची सावली हलत होती. मायने सूप जवळ ओढलं, तूर पसरली.

"हूं," ती म्हणाली.

आता मी पुण्यात नोकरी करते. मनातच वाचते, खूप वाचते. पण संध्याकाळी घरी फोन लावून एक पान मोठ्याने वाचते. रूममेट आधी कानात हेडफोन घालायची, हल्ली काढून ठेवते. तिकडून तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज येतो, बा कोणाला तरी "गप रे, वाचून राह्यली" म्हणतो. गावात रेंज धड नसते, माझं वाक्य कुठेतरी वाटेत रेंगाळतं. मी बोट त्या ओळीवर ठेवून थांबते. खोलीत तेवढा वेळ तुरीचा वास येतो. मग मायचा हूं पोचतो आणि मी पान उलटते.