साल काढलेली वांगी

"हात नको लावू वं पोरी!"

मालकीणबाईंचा आवाज मळाभर गेला. पण तोवर माझा हात लागला होता. साल काढलेलं एक वांगं माझ्या ओंजळीत होतं. गरम. वाफ निघत होती.

पारोळ्याजवळचं आमचं गाव. हिवाळा लागला की आमच्याकडे मळ्यामळ्यांत भरताच्या पार्ट्या होतात. त्या दिवशी मालकाकडे पाहुणे होते आणि माझी माय अन् मी कामाला होतो. कामाची वाटणी ठरलेली. कपाशीच्या काड्या आम्ही गोळा करायच्या. जाळ आम्ही करायचा. वांगी आम्ही भाजायची. तोवर विटाळ नव्हता, कारण वांग्यावर साल होती. जळकी साल निघाली की आम्ही मागं सरायचं. सोलणं, ठेचणं, फोडणी देणं त्यांच्या बायकांचं. जाळ आमचा, गर त्यांचा. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना पाठ होतं.

मी चौथीत होते. परातीतून एक वांगं घरंगळलं. मातीत पडेल म्हणून झेललं. एवढंच.

"बठ्ठं बाटाडी टाकं हिनी," मालकीणबाई म्हणाल्या. "आते कोण खाई हाई? लई जा. तुम्हीच लई जा."

त्यांनी परात आमच्याकडे सरकवली. पायानं. एक पाहुणा म्हणाला, "चला, यास्नी तं आज दिवाळी व्हई गई." सगळे हसले. माझी माय वाकली. परात उचलली नाही, परात त्यांची होती. तिनं वांगी पदरात ओतून घेतली. पदरातून पोट भाजत होतं तरी ती चालत राहिली.

घरी आम्ही ते भरीत खाल्लं. पोटभर. मला फार आवडलं. बोटं चाटली मी. हाकललं याची लाज कधीच गेली. चव लागली याची अजून आहे.

चौथीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन जळगावला आले. नवरा बाजार समितीत हमाल, मी डाळीच्या मिलमध्ये निवडायला. नाकातोंडात भुसा. नवरा लवकर गेला. एक पोरगा होता, त्याला शिकवला. हुशार होता, तरी हुशारीनं एकट्यानं काही होत नाही. सवलतीची जागा होती म्हणून इंजिनियर झाला. वस्तीनं मिरवणूक काढली होती त्याची. मग पुणे, मग अमेरिका, मग तिथलाच नागरिक झाला.

मागच्या वर्षी त्यानं मला नेलं. घर मोठं. गालिचा एवढा मऊ की पाय रुततो. पण मी आधी भिंती पाहिल्या. आमच्या वस्तीत एकेका खोलीत राहणाऱ्याच्या भिंतीवरसुद्धा जी तसबीर असते, ती तिथं नव्हती. दारावरच्या पाटीवर आडनाव वेगळंच. गावाच्या नावाला 'कर' जोडलेलं.

"हे काय रे?"

"आई, इथं आपले लोक आडनावावरून ओळखतात. कशाला उगाच? तू पण कोणी विचारलं तर जळगावचे आहोत एवढंच सांग."

मी मान हलवली. पोराचं घर. त्याचा जम बसलेला. मला वाटलं, एका म्हातारीच्या तोंडामुळे कशाला मोडावा?

अमेरिका म्हणजे काय हे मी कारच्या काचेतून पाहिलं. पुलाखाली तंबू ठोकून राहणारी माणसं. आमच्याकडे पाल ठोकतात तशीच, फक्त तंबू चांगल्या कापडाचे. माझी नात दुसरीत आहे. तिला शाळेत बाकाखाली लपायला शिकवतात, कोणी बंदूक घेऊन आला तर. ती मला खेळ म्हणून करून दाखवायची. मला खेळ वाटला नाही. शेजारचा म्हातारा गोऱ्या कातडीचा, पण साखरेचं इंजेक्शन पुरवून पुरवून घ्यायचा, कारण महाग. एवढा पैसा त्या देशात, आणि आजारी माणूस औषधाला घाबरतो. मी सुनेला म्हटलं, आमचं सरकारी इस्पितळ घाण आहे, पण दारातून हाकलत तरी नाहीत.

सून बरी आहे. आमच्यातलीच, पुण्यात वाढलेली. तिच्याकडे घर पुसायला डोरा नावाची बाई यायची. दक्षिणेकडच्या कुठल्या देशातली. माझ्यासारखी बुटकी, माझ्यासारखे फुटलेले तळवे. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नव्हती. तरी आमचं जमलं. ती फडकं पिळायची तेव्हा मी बघायचे. अगदी माझ्यासारखं, आधी मनगट मग कोपर. मी चहा केला की ती उभ्यानं प्यायची. मी खुर्ची सरकवायचे. ती मान हलवायची. नको.

एकदा तिनं मोबाइलवर नवऱ्याचा फोटो दाखवला आणि रडली. सुनेनं मला सांगितलं. तिथंही मजुरांचा नाका असतो, मोठ्या दुकानाच्या बाहेर. नवरा तिथं उभा होता. तोंड झाकलेली सरकारी माणसं आली, गाडीत घातलं, घेऊन गेली. कुठं ठेवलं हे तिला बरेच दिवस कळलं नाही. कागद नाहीत म्हणून. वीस वर्षं त्या देशातली छपरं घालत होता तो. छपरं घालताना कागद कोणी विचारले नव्हते.

"पण असं कसं करू देतात?" मी विचारलं.

सून म्हणाली, "इथल्या साहेबाला लोकांनीच निवडून दिलंय आई. हेच करीन म्हणून सांगूनच निवडून आलाय तो."

"तुम्ही कोणाला मत दिलं?"

ती म्हणाली, मी दुसऱ्या बाजूला दिलं. पोराचं विचारलं तर भांडी आवरायला लागली.

मग ती पार्टी आली. त्या शहरात खान्देशातली बरीच माणसं आहेत. वर्षातून एकदा जमतात, भरीत करतात. या वेळी पोराच्या घरी. कोणी इकडून भाकरीसाठी कळण्याचं पीठ नेलेलं. वांगी तिथली, काळी, ढोबळी, पाणचट. मागच्या अंगणात गॅसवर भाजायची. धूर नाही तर चव कसली? पण मला भाजायला बसवलं. "अक्का आहेत तर खरं भरीत होईल," सगळे म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

डोराला त्या दिवशी जास्तीच्या कामाला बोलावलं होतं. ती माझ्याशेजारी स्टुलावर बसली. मी एक वांगं सोलून दाखवलं. ती हसली, दुसरं घेतलं. आम्ही दोघी सोलत राहिलो. फुंकर मारत, बोटं झटकत.

पुरुष पलीकडे बसले होते. त्यात भुसावळकडचे एक भाऊ होते, स्वतःची कंपनी असलेले. बोलणं देशाच्या साहेबावर आलं.

"काही म्हणा, माणूस करून दाखवतो," भाऊ म्हणाले. "आपण लायनीत उभं राहून आलो. कागद भरले, वर्षं घालवली. हे रातोरात कुंपणावरून उड्या मारतात. एकदा झाडून काढलंच पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "काय अक्का, तुमचा व्हिसा तपासू का? नाहीतर तुम्हालाही नेतील उचलून!"

हसले सगळे. मीही हसले. गंमत होती.

पण माझ्या डोक्यात रांग बसली. रांग मला कोणी शिकवू नये. गावात विहिरीवर आमचीही रांग असायची. काठापासून लांब, रिकाम्या घागरी घेऊन. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचा. ती रांग दिवसभर उभी राहायची आणि पुढं सरकायची नाही. काही रांगा पुढं सरकण्यासाठी नसतातच. लांब उभं करण्यासाठी असतात.

भाऊ अजून बोलतच होते. "आणि हे काळे. यांना सगळं बसून पाहिजे. तिकडे कोटावाले, इकडे हे. देश बदलला पण आपलं नशीब तेच, यांना पोसायचं."

माझा पोरगा हसला.

मी त्याच्याकडेच पाहत होते. कसनुसा नाही हसला. मोकळा हसला, मांडीवर थाप मारून. ज्या जागेवर बसून तो शिकला त्या जागेला हसला. बापाच्या पाठीवरच्या पोत्याला हसला. मला वाटलं जमीन फाटावी. लोक म्हणतात ते खरं नसतं, जमीन फाटत नाही. हातात वांगं असतं, ते सोलत राहावं लागतं.

तेवढ्यात भाऊंची बायको वर्षाताई अंगणात आली. डोराला पाहून थबकली.

"अगंबाई, ही सोलतेय? नको नको. खायच्या वस्तूला तिचे हात कशाला? तिला बाथरूमकडे पाठवा ना." मग माझ्याकडे वाकून हळूच, "हायजीनचं म्हणते हो अक्का."

माझा पोरगा उठला. डोरापुढची परात त्यानं उचलली. पायानं नाही सरकवली. दोन्ही हातांनी उचलली, हसून, "थँक्यू" म्हणून. आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं. डोरा उठली. हात एप्रनला पुसले. तिला शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं. हे कळायला भाषा लागत नाही. मला चौथीत कळलं होतं.

परात घेऊन माझा पोरगा उभा होता. मालकीणबाईंच्या जागी. माझ्या पोटचा.

मी म्हटलं, "ती वांगी टाकून दे."

"आई, अगं एवढं काही नाही..."

"टाक. तिच्याबरोबर मीही सोललीत. यांना चालणार नाही."

वर्षाताई म्हणाली, "तुमचं काय अक्का! तुम्ही तर घरच्या."

"कोणाच्या घरच्या? मी महारवाड्यातली. आता बौद्ध. पाटीवरचं आडनाव आमचं नाही, ह्यानं इथं येऊन लावलंय. ह्याचा बाप हमाल होता. हा कोट्यातून शिकलाय. भाऊ, तुम्ही मघाशी ज्यांना हसलात ना, त्यातला एक तुम्हाला भरीत वाढतोय."

गॅसचा आवाज तेवढा येत होता.

मग वर्षाताई म्हणाली, "आम्ही असलं काही मानत नाही हो अक्का. कोणी काढलं तरी का हे?" भाऊ म्हणाले, "आजकाल कोण मानतं?" पण जेवायला बसताना वर्षाताईंना पित्त आठवलं. भाऊंना कंपनीचा फोन आला. आणखी दोघांची मुलं एकदम पेंगुळली, दुपारी. ज्यांनी मानत नाही म्हटलं ते आधी गेले. भरीत तसंच राहिलं.

मी डोराला शोधायला आत गेले. मला वाटत होतं, तिच्यासाठी मी बोलले. हे तिला कसं सांगावं? ती पिशवी भरत होती. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला. रागानं नाही, घाईनं. घरात आवाज चढले आहेत, मालक चिडलेत, आपण निघावं एवढंच तिच्या डोक्यात. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. का पाहील? तिच्या लेखी मी मालकाची आई होते. महार कोण, सवर्ण कोण, तिला काय माहीत? गालिच्यावर उभी होते मी. ती पुढच्या दारानंसुद्धा गेली नाही, गॅरेजमधून गेली. पुन्हा आली नाही. तिचं काय झालं हे मला माहीत नाही. माझ्या बोलण्यानं तिचं एक घर सुटलं, एवढं माहीत आहे.

पोरगा माझ्यासमोर बसला. डोळे लाल.

"तू काय केलंस कळतंय का तुला? इतकी वर्षं मला कोणी जात विचारली नव्हती."

"विचारली नव्हती की तू विचारू दिली नव्हतीस?"

"माझ्या मुलीला मला ते द्यायचं नाही. ती परात, ते पायानं सरकवणं. तूच सांगायचीस ना रडत? मला ते तिच्यापर्यंत येऊ द्यायचं नाही."

यात खोटं काही नव्हतं. हे मी मान्य करते. त्याला भीती होती, आणि ती भीती माझ्याच तोंडून त्याच्यात गेली होती. पण मी त्याला म्हटलं, "ते तिच्यापर्यंत येऊ नये म्हणून तू डोराकडे पाठवलंस. ते बंद नाही झालं. फक्त तू परातीच्या पलीकडे गेलास."

तो म्हणाला, "तुला राजकारण कळत नाही आई. इथलं वेगळं आहे."

मला चौथीपुरतं कळतं. कोणीतरी ठरवतो की अमक्याचे हात चालतील जाळापर्यंत, छपरापर्यंत, फरशीपर्यंत. त्याच्या पुढं नाही. ज्यांना कालपर्यंत मागं ढकललं होतं त्यांच्यातल्या दोघाचौघांना पुढं घेतो आणि बाकीच्यांना ढकलायचं काम त्यांच्याकडेच देतो. मग त्यांची मतंही घेतो. धुळ्यात निवडणुकीला हेच पाहिलं, जळगावात पाहिलं. अमेरिकेत फक्त रस्ते गुळगुळीत आहेत.

मी परत आले. वस्तीतल्या पोरांनी विचारलं, "अक्का, कशी शे अमेरिका?" आधी वाटलं सांगावं, चांगली शे. पोराची इज्जत आहे वस्तीत. समाजमंदिराच्या फलकावर त्याचं नाव रंगवायचं चाललं होतं. मी म्हटलं, "रंगवू नका. तो ते आडनाव लावत नाही." ते सांगताना मला जेवढी लाज वाटली तेवढी मळ्यातही वाटली नव्हती. तिथं दुसऱ्याची चूक होती.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, नात आठवण काढते. तिकीट पाठवतो. "फक्त एवढंच आई, लोकांसमोर ते काढू नको."

मी म्हटलं, "येते. पण आधी भाऊंच्या घरी जा. त्यांच्या अंगणात, त्यांच्या लोकांसमोर तुझं खरं आडनाव सांग. डोरासारखी जी कोण बाई आता कामाला असेल तिला खुर्ची दे आणि शेजारी बस. मतपेटीपाशी उभा राहशील तेव्हा बापाचं पोतं आठव. मग तिकीट पाठव. त्याआधी नाही. मरणाला टेकले तरी नाही. माझ्या मयताला आलास तरी त्या आडनावानं येऊ नको. वस्तीतली पोरं तुला खांदा लावू देणार नाहीत. मीच तसं सांगून ठेवलंय."

त्यानं फोन ठेवला.

त्याचा फोन आलेला नाही. मी करणार नाही.