भाऊजींची बोटं

आमच्या थोरल्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, जगाला डोळ्यांनी नव्हे, चिमटीनं ओळखत. पुलगावच्या एका जिनिंग कारखान्यात ते कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर होते. चिमूटभर कापूस ओढला की धाग्याची लांबी सांगत. ही सवय फाटकाबाहेरही सुटत नसे. बोलता बोलता समोरच्याची बाही चोळून बघत. एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत नवरदेवाचा शेला चोळून मोठ्यानं म्हणाले, "अर्धा नायलॉन हाय ना बे हा!" वरपक्ष पंगत उठेपर्यंत फुगून होता.

ऐंशी सालानंतर कधीतरी ते वर्ध्याला आमच्याकडे आले, ते एकाच चपलेवर. "दुसरी कुठी सुटली, मले मालूमच नाई!" आम्ही पोट धरून हसलो. पण पाय सुन्न पडले होते, आणि मग बोटंही सुन्न झाली. ताकद पहिल्यासारखीच, पण हातात काय आहे ते पाहिल्याशिवाय कळेना. डोळे मिटले की उभ्या उभ्या झोकांडी जाई. कापूस पारखणं सुटलं.

आमच्याकडे हातपाय सुन्न म्हटलं की लोकांच्या मनात एकच येतं: महारोग. मी शाळामास्तर, तो कपबशीतून पसरत नाही असं वर्गात शिकवणारा. तरी मी त्यांच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा काढला. ताईलाही बोललो नाही. चार महिने घरचा जावई येईल तेव्हा त्यातून चहा प्यायला, आणि मी दर वेळी तो स्वतः वेगळा विसळला.

मोठ्या दवाखान्यात बऱ्याच तपासण्या झाल्या. महारोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, जंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडं तयार करतं. यांच्या बाबतीत तीच बहुधा स्पर्श कळवणाऱ्या नसांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडली आहेत.

भाऊजी तिथून थेट आमच्याकडे आले. "साळेबुवा, माह्या घरचे पहारेदारच मले चोर समजून राह्यले! कोणाले लागत नाई म्हणते हे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता देजो सगळ्यांसारखा कप."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी सगळ्यांसारख्याच कपात चहा आणला. दोन्ही हातांत कप धरून, बोटांवर नजर ठेवून त्यांनी विचारलं, "गरम हाय काय रे? मले समजत नाई."

मी कप घेतला आणि त्यातला एक घोट प्यायलो. "थोडं थांबा, भाऊजी."

"जवायाले उष्टा चहा पाजतं काय बे?" ते हसले, आणि तोच चहा प्यायले.

त्यांच्या बोटांना कापूस पुन्हा कधी ओळखू आला नाही. पण ते होते तोवर, आमच्या घरी त्यांच्या चहाचा पहिला घोट माझा असे.