भाऊसाहेबांचा बेलभंडारा

गिरणीतून हळद दळून आणली, की त्या वासाने मला दर्यापूरचं आमचं अंगण आठवतं.

मी शाळकरी होते. निवडणूक तोंडावर आली होती. बाबा ज्या देवळात पूजा करत, ते उमेदवार भाऊसाहेबांच्या घराण्याचं. एका सकाळी भाऊसाहेब हळदीचं ताट, बेलाची पानं आणि शेतावरची माणसं घेऊन दारात आले.

"महाराज, यायले बेलभंडारा उचलायले लावा. मत आमालेच देईन म्हणून शपथ घ्या म्हना."

बाबांनी ताट घेतलं आणि भाऊसाहेबांपुढेच धरलं. "आधी तुमी उचला. निवडून आल्यावर खोटं बोलणार नाही म्हणा."

मागे कोणीतरी हसलं. भाऊसाहेबांचा हात पुढे आला नाही. "लय शहाने झाले तुमी," एवढं म्हणून ते निघून गेले.

ताट तिथेच राहिलं. आईने हळद डब्यात भरली. "पूजा त गेली आता. फोडनी त होईन."

पूजा गेलीच. तेव्हा मला भाऊसाहेबांचा फार राग आला होता. आता वाटतं, खोटी शपथ घ्यायला ते निदान भ्याले. आणि घर चालवू लागल्यावर कळलं, पूजा जाणार हे बाबांना ताट हातात घेतानाच माहीत होतं.