कडीखालची जागा

मस्तगडला आमच्या शेजारी राहणारे सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या कॉम्प्युटरवर कायम सिमेंटमधलं एक बारीक छिद्र दिसायचं आणि त्यातल्या पाण्यातून सरकणारे मिठाचे हिरवे कण. पापणी लवायच्या आत संपणारी ती हालचाल, पण तिचं गणित सोडवायला मशीनला आठवडा लागायचा. सर त्या ठिपक्यांबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. "सिमेंटच्या आतल्या लोखंडाकडं जाऊन राह्यलेत," म्हणायचे. "जल्दी न्हाई त्यांला."

कुणाच्याही घरी गेले की भिंतीवरून बोट फिरवून जिभेला लावायचे. आम्ही हसायचो.

एकदा ते आमच्याकडे चहाला आले. आमचं घर बोअरच्या खाऱ्या पाण्यात सिमेंट कालवून बांधलेलं. सरांनी बोट चाखलं, वर स्लॅबकडे पाहिलं आणि चहा तसाच ठेवून उठले. स्लॅबच्या लोखंडी कडीला आमच्या मुलीचा पाळणा टांगलेला होता. त्यांनी झोपलेल्या मुलीला उचलून माझ्या बायकोकडे दिलं आणि पाळणा सोडवला. "पोचलेत," एवढंच म्हणाले.

पुढं सर गाव सोडून गेले. मुलगी शाळेत जायला लागली. कडी आहे तिथंच आहे, पण तिच्याखालून आम्ही कुणी जात नाही. परवा तिच्याभोवती पहिला तांबूस डाग दिसला.