गफूरच्या गिरणीतला दुपारचा डबा

गफूर गेला त्या सकाळी मी त्याच्या दारात जेवणाचा डबा घेऊन उभा होतो. मयतीच्या घरी कोणी डोक्याला रुमाल बांधून जातं, कोणी नुसतीच मान खाली घालून उभं राहतं. हातात तीन खणांचा स्टीलचा डबा लोंबकळवत जाणारा मात्र आमच्या मालेगावात (म्हणजे वाशीमच्या मालेगावात, नाशिकच्या नव्हे) मीच पहिला असेन. त्याच्या मुलाचा, आसिफचा फोन आला, “काका, अब्बा गेले,” एवढंच म्हणाला. मी पायात चपला घातल्या आणि हातानं आपल्या सवयीनं ओट्यावरचा डबा उचलला. बायको देवळात गेली होती, नाहीतर तिनं अडवलं असतं. दारातली माणसं आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहू लागली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. कुठे लपवू त्याला? पण आसिफ पुढे आला, त्यानं डबा हातातून घेतला आणि हळूच म्हणाला, “द्या काका. आज घरात चूल पेटनार नाही. अम्मीले गोळी घ्याची हाय, दोन घास तरी खाईन.”

गफूरची पीठगिरणी आणि माझं किराणा दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. गिरणी सुरू झाली की माझ्या फळीवरच्या बरण्या किणकिणायच्या. घड्याळाची गरज नव्हती. आम्ही जैन. सूर्य बुडाल्यावर आमच्या घरी कोणी ताटाला हात लावत नाही (मी प्रवासात एक-दोनदा लावला आहे, पण ते घरी ठाऊक नाही). त्यामुळे रमजान आला की आमची मोठी गंमत व्हायची. मी घाईघाईनं शेवटचा घास गिळून हात धुवायचो, आणि तेवढ्यात मशिदीची बांग व्हायची की गफूर खजुराला हात घालायचा. इतक्या वर्षांची दोस्ती, पण रमजानात एका ताटावर बसणं कधी जमलंच नाही. तो म्हणायचा, “शेठ, तुह्या अन् माह्या जेवनाच्या मधात हा सूर्य आडवा पडला.”

रोजा कशानं मोडतो आणि कशानं मोडत नाही, हा माझा आवडता विषय. धर्मजिज्ञासा वगैरे नाही, त्याला छळायची सोय! एकदा त्याला पिठानं पांढराफटक झालेला पाहून मी विचारलं, “दिवसभर पीठ नाका-तोंडात जाऊन राह्यलं, मग रोजा कसा टिकते रे?” तो म्हणाला, “पीठ मले खाते, मी पिठाले नाही खात. धंद्याची धूळ माफ असते.” इंजेक्शनचं विचारलं, तर म्हणाला त्यानं भूक भागत नाही. आणि एका रमजानात तर मी कमालच केली. रोजच्यासारखे दोन चहा मागवले आणि त्याच्या हातात कप दिला. गिरणीच्या पट्ट्याच्या कुरकुरण्याकडे कान लावून बसलेला हा बाबा अर्धा कप पिऊन गेला. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं… मी ओरडलो, “गफूर, म्या तुहा रोजा मोडला!” त्यानं चूळ भरली आणि उरलेला कप माझ्यापुढे सरकवला. “विसरून पेलं तर तुटत नाही. वरच्यानंच पाजलं म्हनतेत. पन आता याद आली, आता थेंबबी नाही.” मी म्हटलं, “मग रोजच विसरत जाय ना!” तो हसला. “याद ठेवून विसरलं तर तुटते, शेठ.”

यंदाच्या रमजानाआधी त्याची साखर आणि किडनी दोन्ही बिघडल्या. वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलं, रोजा बिलकूल नाही, गोळ्या जेवणासोबत वेळेवर, नाहीतर जिवाशी गाठ. आजाऱ्याला सवलत आहे, रोज्याच्या बदल्यात भुकेल्याला जेवू घालावं, हे त्यानंच गल्लीतल्या म्हाताऱ्यांना समजावून सांगितलेलं. पण स्वतःवर वेळ आली आणि घास गळ्याखाली उतरेना. एका दुपारी त्याची बायको नजमाभाभी दुकानात आली. “भाऊ, घरी म्हनते गिरणीत खातो, गिरणीत म्हनते घरी खाल्लं. काल पोत्यावरच चक्कर येऊन पडले. तुमीच सांगा आता.”

मी गेलो, आणि त्याचेच सगळे नियम त्याला ऐकवले. तो म्हणाला, “कायदा मले पाठ हाय. पन सारं गाव उपाशी, अन् मी एकटा बसून चावू? शरम वाटते रे.” माझी वकिली तिथेच संपली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “उपाशी मानसाले कोनी भाषन देते का? उद्या दोघाचा डबा देते. त्याईले सांगा, मले एकट्याले जेवन जात नाही.” दुसऱ्या दिवशी गिरणीचं दार अर्धं ओढून, रस्त्याकडे पाठ करून मी बाकड्यावर बसलो आणि ते वाक्य म्हटलं. गफूरनं माझ्या पोटाकडे एक नजर टाकली. “व्हय, दिसून राह्यलं.” मग डब्यात डोकावला. मुगाची खिचडी, दोडक्याची भाजी, पोळ्या. “कांदा नाही, लसण नाही, आलू नाही… खरं सांग शेठ, हे खाल्लं तर रोजा तुटते तरी का?” आणि हसता हसता त्यानं घास घेतला. तो गिळेपर्यंत मी स्वतःचा चावायचा विसरलो होतो.

मग रोज दुपारी तेच. गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या. घरी नजमाभाभी रोज एका भुकेल्याला जेवू घालत होती. मी म्हटलं, “मलेच घाल ना.” म्हणाला, “तू शेठ हायस, तुले चालत नाही.” एकदा पोळीचा तुकडा मोडत तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “रमजानात तुह्यासंगं जेवाले मले बिमार पडा लागलं, पाह्य.” ईद झाली तरी डबा सुरूच राहिला. उन्हं तापायला लागली, आणि एका पहाटे झोपेतच… गोळ्या त्याला वाचवू शकल्या नाहीत, हे खरं. पण तो उपाशी गेला नाही, आणि त्याचा शेवटचा रमजान माझ्या वाट्याला आला. आणखी काय मागू?

डबा काही दिवसांनी आसिफनं परत आणून दिला, घासून-पुसून आणि ताज्या पिठानं भरून. आता गिरणी तोच चालवतो. बरण्या पुन्हा किणकिणतात. मी गल्ल्यावर बसून एकटाच डबा उघडतो. पहिल्या दिवशी तो भरलेलाच परत गेला, मी म्हटलं गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या दिवशी पोट बरं नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी बायकोनं झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

“गफूरभाऊसारखंच करून राह्यले तुमी,” ती म्हणाली. “मले एकट्याले जेवन जात नाही, हे मीच तुमाले बोलाले शिकवलं होतं. आता खरंच झालं ते.” मग आसिफनं दिलेलं पीठ परातीत घेता घेता म्हणाली, “आसिफबी गिरणीत एकटाच बसते म्हने. उद्यापासून दोघाचा डबा देते. त्याले आधीच सांगून ठेवा, कांदा-लसण नाही म्हनून.”