अण्णांची कवळी आणि समुद्रातली जनावरं

माझं काम ऐकून आमच्या तामलवाडीत लोक हसू दाबतात. पुण्यात बसून मी दगड झालेले दात बघते. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या, मगरीच्या जातकुळीतले वाटावेत अशा सरपटणाऱ्या प्राण्यांचे. जनावर कधीच संपलं, पण ते काय खात होतं ते दात सांगतात. लांब, बारीक, टोकदार दात म्हणजे मासे पकडून सबंध गिळणारं. आखूड, गोल, बोथट दात म्हणजे शंखशिंपले फोडणारं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यात काही नवल वाटलं नाही. त्यांची हयात बैलबाजारात गेली. जोडी घ्यायची म्हटलं की गाव त्यांना सोबत न्यायचं. बैलाचा ओठ वर करून ते वय सांगायचे: दोन दाती, चार दाती, सगळे दात आलेला म्हणजे जुळलेला. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरणा म्हणून खपवणारे व्यापारी त्यांच्या डोक्यात जायचे.

म्हणून त्यांचे स्वतःचे दात गेले आणि मी कवळीचं नाव काढलं, तेव्हा ते भडकले.

"म्हाताऱ्या बैलाला खोटं दात लावून बाजारात हुबं करायचं व्हय? म्या न्हाय तसलं करनार."

"अण्णा, तुम्हाला विकायला कोण निघालंय?"

"कुनी का निघंना. जे हाय ते हाय."

वर्षभर हेच. खोटे दात नकोत, पण नसलेले दातही कुणाला दिसायला नकोत, म्हणून लग्नाच्या पंगतीला जाणं त्यांनी बंद केलं. घरात दुधात कुस्करलेली भाकरी, तीही अर्धी. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. "पाखरागत खात्यात," आई फोनवर म्हणायची. मला रडू यायचं आणि रागही यायचा. मला दोन्ही एकदमच येतं.

दिवाळीला मी डाव रचूनच घरी गेले. जाताना दोन दातांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती घेतल्या. लांबटसा दात अण्णांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी टोकावर अंगठा फिरवला.

"झिजलं न्हाय. तरणं हाय."

"म्हातारंही असेल. यांचा दात पडला की खालून नवा यायचा, मरेपर्यंत. यांच्या दातावरून वय कळत नाही."

"मग कळतं काय?"

"काय खात होतं ते. हे मासे खायचं. चावायचं नाही, तसंच गिळायचं."

इथं मी फसले. अण्णा एकदम खूश. "मंजी चावायची गरजच न्हाय. मग माझ्या मागं कशाला लागलीस?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मी चिडून दुसरा, गोल दात पुढं ठेवला. "हे शिंपले फोडून खायचं. दात नसते तर उपाशी मेलं असतं. तुम्ही गिळणाऱ्यातले नाही अण्णा, चावणाऱ्यातले आहात. माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललाय तुम्ही."

त्यांनी तो दात उचलून त्याच्या गोल माथ्यावर अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "म्हातारपनी बी नवा यायचा?"

"यायचा."

"आन् त्याला कुनी लबाड म्हनलं न्हाय."

"का म्हणतील? खायलाच लागायचा तो."

सोलापूरला दोनचार खेपा झाल्या. सुरुवातीला हिरड्या दुखल्या, डॉक्टरला आणि मला सारख्याच शिव्या बसल्या. पण बसली कवळी.

संक्रांतीला पुन्हा गेले. भोगीच्या दिवशी आईनं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी केल्या. अण्णांनी घास घेतला, बेतानं चावला. त्यांनी पहिली भाकरी संपवली आणि ताट पुढं केलं. "अजून एक."

त्यांना वाढून झाल्यावर आई शेजारी जेवायला बसली. तव्यावर राहून कडक झालेली भाकरी तिनं मुद्दाम आपल्याकडं ओढली आणि कडाकडा चावत, डोळे मिटून खायला लागली.

"इतकी भूक लागली होती?" मी विचारलं.

तिनं आणखी एक तुकडा मोडला. अण्णाच बोलले. "वरीसभर ती बी दुधात कुस्करूनच खात व्हती. माझ्यासमूर चावायला तिला व्हयना."

आईचे सगळे दात शाबूत आहेत. "गप जेवा आता," ती म्हणाली, आणि तिनं दुसरी भाकरी घेतली.