घमेल्याखालची वेळ

भूकंपाबद्दल जाणत्यांनी लिहावं, मी नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि अजून विद्यार्थीच आहे. तरी लिहायला बसलो, त्याबद्दल आधीच माफी मागतो. भूकंपाचं मला फारसं कळत नाही. त्याच्या फायलींनी मात्र पुरतं जेरीस आणलं, तेवढंच सांगतो.

कॉलेजातल्या आमच्या विभागाचं एक भूकंपमापक यंत्र कासार आंबोलीत माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे नानांच्या, शेतात बसवलं होतं. जागा मीच सुचवली होती. जमिनीची हालचाल नोंदवत यंत्र दर तासाला एक फाईल तयार करी. रविवारी जाऊन त्या उतरवून आणायच्या आणि त्यांत खरा धक्का कुठला ते शोधायचं, हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प.

शोधायचं म्हणजे बहुतेक वेळ नाकारायचं. पडद्यावरची रेघ थरथरली की मी हरखायचो. मग कळायचं, ही बोअरची गाडी, ही शेजारच्या बंगल्यातली शनिवारची गाणी. रोज सकाळी येणारी एक लहर मी मोठ्या आशेने प्रकल्पाच्या सरांना दाखवली होती. ती नानांची म्हैस निघाली. यंत्र ज्यात पुरलं होतं त्या खड्ड्याच्या झाकणाला अंग घासत होती. सर हसलेही नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं.

परीक्षेमुळे काही रविवार चुकले. दसऱ्यानंतर गेलो, तर यंत्राच्या पेटीवर हळदकुंकू, सुकलेली झेंडूची माळ, आणि फायली उघडल्या तर शेवटच्या काही दिवसांतल्या प्रत्येकीवर माझ्या जन्माच्याही आधीचं साल.

"नाना, मशिन कुणी बंद केलं होतं?"

"मीच. खंडेनवमीला नांगर, कोयता, पंप, समदं बसवून पुजलं. त्या बिचाऱ्यालाच जुपून ठिवू व्हय? दुसऱ्या दिशी केलं की चालू."

"आणि मशिनशेजारच्या खांबावर हे घमेलं?"

"तितल्या डबीला माकडं वढत्यात. मोडली असती तर मलाच बोलला असतास."

ती डबी उपग्रहाकडून वेळ घेते. लोखंडी घमेल्याखाली तिला आकाश दिसेना, तेव्हा यंत्राने पुन्हा चालू होताना आपल्याच मनाने एक तारीख धरली होती. मी रागाने घमेलं काढून बांधावर भिरकावलं.

"लई जपतुयास," नाना म्हणाले. "नवरी हाय का तुजी?"

नेमका त्याच दिवसांत कोयनेच्या बाजूला एक लहान धक्का बसला होता. माझ्या फायलीत तो दिसतही होता, आधी बारीक थरथर, मग जाड लाट. पण तो त्याच वेळचा हे सिद्ध कसं करणार? सर म्हणाले, "वेळ नसलेली नोंद ही नोंदच नव्हे. वेळ सिद्ध कर, नाहीतर पुढच्या वर्षी नव्याने सुरुवात." वडील बंगल्यांच्या बागा सांभाळतात. ते आधीच विचारत होते, "आजून किती वरसं शिकायचं हाय?"

शेवटी जवळच्या दगडखाणीतले सुरुंग आठवले. डोंगरापलीकडे विभागाचं दुसरं यंत्र आहे, त्याचं घड्याळ बरोबर होतं. तेच सुरुंग दोन्हीकडे उमटणार. दोन सुरुंगांमधलं वेळेचं अंतर रोज वेगळं, म्हणून ती अंतरं दोन्ही फायलींत जुळवली की माझं घड्याळ किती चुकलंय ते कळेल. वाचायला सोपं आहे. एक दिवस जुळला की पुढचा सरकायचा. कधी बोअरची गाडी मी सुरुंग म्हणून धरलेली असायची, कधी खाणच बंद. प्रयोगशाळेचे शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात उभे राहायचे आणि मी उठायचो. म्हशीला, माकडांना, नानांना, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या. नानांना देताना लाजही वाटली.

एकदाचं जुळलं. सगळं मांडून सरांना पाठवलं. त्यांनी वाचल्याची खूण दिसली, उत्तर मात्र येईना. फोन आला तो नानांचा.

"झालं का न्हाई तुजं? मी गावात सांगून बसलोय, आमच्या मशिननं भूकंप धरला म्हून."

"सरांनी मानलं तर, नाना."

"न मानायला काय झालं त्यांना?"

पुढच्या आठवड्यात बसची वाट बघत असताना सरांचा संदेश आला: "वेळ पटली. धक्का अहवालात घेतोय. प्रकल्प याच वर्षी सादर कर. पुन्हा असा घोळ नको, यंत्र रविवारी तिथून काढतोय, चुलत्यांना सांग."